खाली न बघणारा ऐंशी व्होल्टचा गडी

“बंद कर! अरे बंद कर तो पंखा, चिकू चालले माझे!”

काकू वाळवणीच्या खोलीच्या दारात उभी होती आणि तिच्या दोन्ही खांद्यांवरून चिकूच्या चकत्या बाहेर चालल्या होत्या. उडत. एक जाऊन नारळाला चिकटली, एक ओट्यावर सोलायला बसलेल्या बाईच्या कपाळावर टिकलीसारखी बसली, आणि उरलेल्या चिखले गावाची हद्द ओलांडून घोलवडच्या दिशेने गेल्या. त्या सकाळी समुद्रावरची एक होडी वाऱ्याने भलत्याच बंदराला लागली, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं आहे. मला ते कोणी सांगितलं होतं, आठवत नाही. बहुतेक मीच.

मी आत होतो, पंख्याच्या मागे, स्क्रूड्रायव्हर दातांत धरून. शेवटी बॅटरीची वायरच हिसकली. पंखा कुरकुरत थांबला. बाहेर आलो तर काकूच्या मागे काका उभे. काका म्हणजे काकूचे धाकटे दीर. त्यांनी एकदा रिकाम्या जाळ्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“होळीपर्यंत,” ते म्हणाले आणि चालू लागले.

२०१७ चा हिवाळा होता. डहाणूला स्टेशनजवळ माझं दुरुस्तीचं दुकान होतं. टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर, आणि लोक आणून टाकतील ते. काकू खरं तर माझ्या आईची मावसबहीण, म्हणजे माझी मावशी. पण अख्खं गाव तिला काकू म्हणे, तेव्हा मी एकट्याने वेगळं काय म्हणायचं. नवरा गेल्यापासून वाडीतलं सगळं दीर ठरवत. झाडं कधी छाटायची, पाणी कुठल्या वाफ्याला आधी, चिकू कुठल्या गाडीने जाणार, सगळं. माणूस वाईट नव्हता. फक्त एकदा ठरवलं की त्यावर बोलायचं नाही आणि ठरवण्याआधीही फारसं बोलायचं नाही, अशी पद्धत.

काकूच्या डोक्यात मात्र बऱ्याच दिवसांपासून एकच होतं. जास्त पिकलेला चिकू गाडीत चढत नाही. तो गुरांपुढे जातो. काकूला ते बघवत नसे. तो सोलून, चकत्या करून वाळवायचा, चांगल्या कुडकुडीत चकत्या, वर्षभर टिकतील अशा. त्यासाठी तिने वाडीच्या कडेची सामायिक खोली मागितली. नेमका त्याच वेळी काकांनी ट्रॅक्टर घेतला होता आणि ट्रॅक्टरला छप्पर हवं होतं. शेवटी ठरलं ते असं: होळीपर्यंत खालपासून वरपर्यंत सगळ्या जाळ्या नीट वाळलेल्या दाखवल्या तर खोली काकूची, नाहीतर ट्रॅक्टरची. लग्न होऊन वाडीत आल्यापासून स्वतःच्या मनाने मागितलेली ही तिची पहिली गोष्ट होती, आणि ती मिळवून द्यायचं काम तिने सगळ्या तालुक्यातून मला दिलं. माझी कीर्तीच तशी होती. ती मीच पसरवली होती.

आता चिकू वाळवणं म्हणजे पापड वाळवणं नव्हे. खोलीला वर काच, आत उन्हाने तापलेली हवा, आणि ती हवा ओढायला पंखा. ऊन चढलं आणि हवा पुरेशी हलली नाही की चकतीचा वरचा थर कडक होतो आणि आत ओल राहते. उलट सकाळी, समुद्राची दमट हवा असताना पंखा फिरला, तर काल वाळलेली चकती आज चामड्यासारखी वातड. म्हणून पंख्याला अक्कल हवी. थंडीत पूर्ण बंद, मग खोली जशी तापेल तसा हळूहळू वाढत जाणारा. काकूने हे एका वाक्यात सांगितलं होतं: “माझी आई सुपाने वारा घालायची तसा पंखा पाहिजे, हाताला कळतं तसा.”

अक्कल म्हणजे ऑप-अँप. ज्यांनी कधी रेडिओ उघडला नाही त्यांच्यासाठी सांगतो: ऑप-अँप हा एक काळा, पायवाला किडा असतो. त्याच्या कानात अगदी हळू काहीतरी पुटपुटलं की तो ते मोठ्या आवाजात बाहेर सांगतो. तापमानाचा सेन्सर सकाळी जेमतेम एक पंचमांश व्होल्ट पुटपुटतो, भर दुपारी अर्ध्याच्या जरा वर. त्यातून सकाळचा हिस्सा वजा करायचा, उरलेलं फुगवून चाळीसेक व्होल्टांपर्यंत न्यायचं आणि एका जाड ट्रान्झिस्टरच्या खांद्यावरून पंख्याला द्यायचं. एवढंच.

पण पंखा कुठला? वापीच्या भंगारातून आलेल्या, माल उचलायच्या बॅटरीवाल्या गाडीची मोटर. अठ्ठेचाळीस व्होल्टची. म्हणून काकूने छपरावर सोलर प्लेटा टाकून खाली चार मोठ्या बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या होत्या. अठ्ठेचाळीस नावाला, चार्जिंग होताना सत्तावन्नपर्यंत चढायच्या. आणि त्या एवढ्याच. वर सत्तावन्न, खाली शून्य. शून्याच्या खाली काही नाही. पुस्तकातला ऑप-अँप बघाल तर त्याला वर अधिक आणि खाली उणे अशा दोन बाजूंनी वीज देतात, आणि तो मधल्या शून्यावर पाटावर बसल्यासारखा आरामात बसतो. आमच्याकडे पाट नव्हता. शून्य हीच जमीन.

पहिल्यांदा मी दुकानातला नेहमीचा ऑप-अँप लावला. तो बत्तीस व्होल्टांपर्यंतचा. म्हटलं, कंपन्या घाबरून कमी लिहितात. बटण दाबलं आणि त्याचं झाकण उडालं. ते अजून खाली आलेलं नाही.

हुशार वाचक इथे म्हणतील की बाबा, चारांतल्या एका बॅटरीवरून बारा व्होल्ट घे. घेतले असते, पण एकाच बैलावर जास्त ओढ टाकली की चौघांची चाल बिघडते, आणि काकूने बॅटऱ्यांना मधे हात लावायचा नाही असं आधीच बजावलं होतं. आणखी हुशार वाचक म्हणतील की बारा व्होल्ट वेगळे बनव, आणि वरच्या उंचीसाठी दोन ट्रान्झिस्टर वाढव. त्यांना मी चहा पाजीन. होतं तसं करता येण्यासारखं. पण मला तोपर्यंत एक खाज सुटली होती. एवढ्या विजेत न मरता, जमिनीवर बसून काम करणारा एकच किडा जगात आहे का, हे मला बघायचं होतं.

म्हणून मी तलासरीला गेलो. हायवेला लागून तिथे एक गुजराती शेठ होता, वापी-उंबरगावच्या बंद पडलेल्या कारखान्यांची सर्किटं पोत्यांनी आणून विकणारा. त्याच्या दुकानात मंगळावर जायचं यान अर्धं तरी सापडलं असतं. मी त्याला सत्तावन्न व्होल्टांची गोष्ट सांगितली. त्याने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि एक गोल, धातूच्या टोपीचा, आठ पायांचा ऑप-अँप काढला. जुना, वजनदार, मिशीवाल्या हवालदारासारखा.

“लई जा भाई. ऐंशी व्होल्ट आरामथी खाते.”

मी तिथेच मोबाईलवर त्याची डेटाशीट, म्हणजे कंपनीने लिहिलेली कुंडली, उघडली. पहिल्याच ओळीत, जाड अक्षरांत: अधिक-उणे चाळीस. म्हणजे ऐंशी. आमचे सत्तावन्न त्याला चटणीएवढे. पुढचं पान मी उघडलं नाही. बस हायवेला उभीच होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, असं मी काकूला सांगितलं. बस आली ती बऱ्याच वेळाने.

त्याच हवालदाराने दुसऱ्या सकाळी चिकू उडवले.

काका गेल्यावर काकूने टोपली उचलली. ती चकत्या गोळा करत राहिली. मला तिने रागावलेलं परवडलं असतं. मी वायर परत लावली, सेन्सर मुठीत धरला. मूठ गरम, तसा पंखा वादळ सोडून बेताच्या वेगावर आला, शहाण्यासारखा. सोडला, सेन्सर गार झाला, पंखा अजून हळू झाला, थांबत आला, आणि थांबायच्या जागी एकदम उलटून पुन्हा पूर्ण वेगात. पुन्हा धरला, पुन्हा तेच. मी घाबरायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला गंमत वाटायला लागली होती. थंडीत बंद हो म्हटलं की हा बेभान का होतो? मी तो खेळ इतक्या वेळा केला की सोलणाऱ्या बायका उठून खोलीच्या मागे जाऊन बसल्या.

मग उरलेली पानं वाचली. तिथे, बारीक अक्षरांत, एक ओळ होती: कानाशी येणारा व्होल्ट खालच्या तारेपेक्षा निदान इतके व्होल्ट वर असला पाहिजे. इतके म्हणजे जवळजवळ पाच. आमचा सेन्सर पुटपुटणार एक पंचमांश. त्याच्या कानाशी ते पोचतच नव्हतं. आणि या जातीच्या किड्यांची खोड अशी, की पार जमिनीलगतचं काही कानावर आलं तर ते गप्प न बसता उलटंच ओरडतात. शून्य म्हटलं की शंभर.

हे मला वाचून कळलं, पण पटलं वाडीत.

त्या दुपारी चिकू तोडायला नवे गडी आले होते. आमच्याकडच्या जुन्या चिकूच्या झाडांचा घेर खाली जमिनीला टेकलेला असतो. फांदी उचलून आत शिरावं लागतं. त्यांतला एक उंच होता, हातात जाळी लावलेली लांब काठी, शेंड्यावरचे चिकू असे अलगद उतरवत होता की बघत राहावं. मी म्हटलं, काकू, हा गडी भारी आहे. ती गुडघ्यांवर बसली, खालची फांदी उचलली, आणि डोकं आत घातलं. आतून तिचा आवाज आला.

“वरचे सगळे काढले. खालचे सगळे इथेच.”

नवा गडी ठेवायचा की नाही हे ती नेहमी असंच बघायची. काकाही तसंच बघायचे, त्यांचे वडीलही तसंच. झाडाच्या वर कोणी पाहायचंच नाही; वर तर सगळेच पोचतात. मी त्या फांदीखाली काकूच्या शेजारी बसलो, अंगावर पाचोळा, आणि मला माझा तलासरीचा हवालदार दिसला: ऐंशी व्होल्ट उंच, आणि पायाशी काय आहे ते दिसत नाही.

तरी मी त्याला लगेच काढला नाही. उत्सुकता वाईट असते. म्हटलं, खालचं दिसत नाही तर खालचं वर उचलू. सेन्सरच्या खाली, थोडाथोडा व्होल्ट अडवून धरणाऱ्या डायोडांची एक चळत रचून त्याला पाटावर बसवला, म्हणजे त्याचं पुटपुटणं पाच व्होल्टांच्या वर सुरू होईल. आणि झालं की तसं. उलटं ओरडणं थांबलं. काकूने जाळ्या भरल्या. दुसऱ्या सकाळी येऊन बघतो तर पंखा फिरत होता. वादळ नाही, हळू, देवळातल्या प्रदक्षिणेसारखा, पण फिरत होता. कान सुधारले होते, तोंड नाही. हवालदाराचं तोंडही खाली जमिनीपर्यंत बंद होत नव्हतं. शून्य म्हणायचं तिथे तो चार-पाच व्होल्ट म्हणत होता, आणि त्या भंगारातल्या मोटरची बेअरिंग इतकी गुळगुळीत, की तिला तेवढ्यातही फिरायचा उत्साह. पहाटेपासून समुद्राची ओल आत ओढली जात होती.

काकूने खालच्या जाळीतली चकती वाकवली. ती वाकली. मोडली नाही.

“चामडं,” ती म्हणाली. आणि चकती परत जाळीत टाकत, “होळी जवळ आली रे.”

मी म्हटलं, एक छोटी बॅटरी उलटी लावून शून्याच्या खाली तळघर काढतो, हवालदाराला पाय सोडायला जागा. तिने विचारलं ती बॅटरी संपल्यावर कोण बदलणार. मी म्हटलं, मी. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विचार तिथेच पुरला. मी डहाणूला, ती चिखल्याला, आणि माझा शब्द अधेमधे कुठेतरी.

मग मी पहिल्यांदा ऑप-अँप काकूच्या पद्धतीने निवडला. डेटाशीट उघडायची आणि वरची जाड ओळ झाकून आधी फांदीखाली डोकं घालायचं: कानाला जमिनीवरचं ऐकू येतं का? तोंड जमिनीपर्यंत मिटतं का? कानावर चुकून जमिनीच्या खालचं आलं तर उलटा ओरडतो का? या तिन्हींना हो, हो आणि नाही असं उत्तर असेल तरच मान वर करून उंची बघायची. शेकडो नावं चाळली. शंभर व्होल्टवाले पैलवान होते, दीडशेवाले होते, आणि मी पाहिलेले बहुतेक सगळे फांदीखाली नापास. जमिनीवर बसणारे होते ते बिचारे बत्तीस-छत्तीसला मरणारे. ही जगाची अशी विभागणी कोणी केली ते मला अजून कळलेलं नाही, पण मला ती बघायला फार मजा आली. दुकानात गिऱ्हाईक मिक्सर घेऊन उभं असायचं आणि मी त्याला विचारायचो, तुम्हाला उंच माणूस हवा की वाकणारा?

शेवटी एक सापडला. कामाला पन्नास व्होल्टांपर्यंत, साठला मरण. जमिनीवरचं ऐकणारा, जमिनीपर्यंत मिटणारा. आमच्या सत्तावन्नाला जरा बुटकाच. म्हणून त्याच्या विजेच्या वाटेत एक झेनर घातला, दहाएक व्होल्ट वरच्यावर गिळून टाकणारा. म्हणजे पंखा आता कधीच पूर्ण वेगाने फिरणार नव्हता. वरचे दहा व्होल्ट सोडून द्यायचे. सोडले. पूर्ण वेगाने फिरल्यावर काय होतं ते नारळाने पाहिलं होतं.

मागवलेला किडा कुरिअरने आला. पुठ्ठ्याचा खोका एवढा मोठा की मला वाटलं शेजाऱ्याचा टीव्ही आला. त्यात कागद, कागदात पिशवी, पिशवीत पट्टी, पट्टीत मसुराच्या डाळीएवढा ऑप-अँप. जोडायला बसलो काकूच्या ओट्यावर, भिंगाखाली. नेमकी मला शिंक आली. किडा उडाला आणि चिकूच्या सालींच्या ढिगात पडला. मग काकू, सोलणाऱ्या बायका आणि मी, सगळ्यांनी तो ढीग तांदूळ निवडावा तसा निवडला. चिकूची काळी बी दिसली की प्रत्येकीला वाटायचं हाच तो. तो सापडला एका बाईच्या कोपराला चिकटलेला, चिकाने. मी तो चीक तसाच ठेवला असता. पुसला, कारण काकू बघत होती.

होळीच्या आदल्या आठवड्यात जाळ्या भरल्या. काकू त्या खोलीकडे दिवसभर फिरकली नाही, एवढंच मला दिसलं. दुपारी पंखा चांगला वारा घालत होता, ऊन उतरलं तसा हळू होत गेला, आणि एका क्षणी थांबला. उलटला नाही. रेंगाळला नाही. मी मीटर लावून बघितलं. पंख्याच्या तारांवर जवळजवळ काहीच नव्हतं. इतकं सुंदर काहीच मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

तीन दिवस तसंच चाललं, आणि चौथ्या सकाळी काकूने दिरांना बोलावलं. दव पडलेलं, समुद्राकडून ओली हवा, पंखा स्तब्ध. काका आत आले. मला राहवलं नाही.

“काका, बघा!”

“काय बघू? बंद आहे.”

मी म्हटलं तेच तर, तेच बघा. आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं: पाट, जमीन, हवालदार, त्याचा कान, त्याचं तोंड, वरचे दहा व्होल्ट, शून्यावर बसणं म्हणजे काय असतं. हातवारे करून सांगितलं. माझ्या मते सूर्य बराच वर आला. काकू म्हणते चहा निवायच्या आत मी गप्प झालो. काका ऐकत होते की नाही कळेना. माझं चालू असतानाच ते गुडघ्यांवर बसले, वरच्या जाळ्यांकडे ढुंकूनही न बघता सगळ्यात खालच्या जाळीखाली डोकं घातलं, पार मागच्या कोपऱ्यात हात घातला आणि तिथली चकती बाहेर काढली. दोन बोटांत वाकवली.

कट्‌ आवाज झाला.

अर्धी त्यांनी तोंडात टाकली. चावत राहिले. बाहेर ऊन काचेवर आलं होतं आणि आमच्या मागे पंख्याने, कोणाला न सांगता, पहिली गिरकी घेतली. काकूने हात पदराला पुसले. ते कोरडेच होते.

“मग, भाऊजी?” तिने विचारलं.

काका उठले, गुडघे झटकले.

“ट्रॅक्टर चिंचेखाली लावतो.”